धाकटीचा हात

३ नोव्हेंबर

आले एकदाची धाकटीकडे. सामान म्हणजे दोन बॅगा, औषधांची पिशवी आणि शिलाई मशीन. मशीन बघून धाकट्या बहिणीनं कपाळावर हात मारून घेतला. आता काय शिवणार आहेस, म्हणाली. तुझं तोंड, म्हटलं. दोघी पोट धरून हसलो. माझ्या बरगडीत कळ आली, तरी हसलोच.

मला तळमजल्यावरची खोली दिली आहे, खिडकीतून रस्ता दिसतो. पलंगाखाली ठोकळे घालून तो उंच केलाय, म्हणजे उठताना मला वाकायला नको. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवलाय. ती स्वतः वरच्या खोलीत झोपते. तिचा नवरा गेला, पोस्टातली नोकरी संपली, तेव्हा बोलायला माणूस मिळालं म्हणून ती खूश, आणि आयता चहा मिळणार म्हणून मी. माझ्या छातीतला कॅन्सर हाडांत उतरलाय, हा विषय दिवसभरात कुणीच काढला नाही.

५ नोव्हेंबर

नर्सबाई येऊन गेल्या. कुशीवर वळताना अख्खं अंग एकदम वळवायचं, गुडघ्यांमध्ये उशी घ्यायची, जड उचलायचं नाही. मांडीचं आणि खांद्याचं हाड आतून पोखरलंय, तेव्हा जपून. गोळ्या घड्याळाप्रमाणे घ्या, दुखायची वाट बघू नका, एकदा कळ चढली की उतरवणं कठीण, असं दोनदा बजावलं. मी मान डोलावली. पण गोळ्या मॉर्फिनच्या, आणि मॉर्फिन म्हटलं की मला नकोच वाटतं. आयुष्यभर ताठ मानेनं टेलरिंगचं दुकान चालवलं, आता काय गुंगीत लोळत पडू? अगदीच असह्य झालं तर घेऊ, असं ठरवलं.

व्हायचं तेच झालं. दुपारी कंबरेत असं काही पेटलं की मी उशी दातांत धरली. दाढ ठणकते ना, तसं अख्खं हाड ठणकत होतं. धाकटी धावत आली, दुखत होतं तिथे तळहात ठेवला आणि म्हणाली, "दे इकडे." लहानपणी मी पडले-झडले की असंच करायची. वयानं लहान, पण आव आजीबाईचा. आणि कळ गेली. कमी झाली नाही, गेलीच.

९ नोव्हेंबर

कमाल आहे बाई हिच्या हाताची! कंबर झाली, बरगडी झाली, काल मांडी झाली. गोळ्या डब्यात तशाच पडून आहेत. नर्सबाईंना फोनवर सांगितलं, औषध छान लागू पडलंय. थाप मारली खरी, पण हाताचं सांगितलं असतं तर मला वेड्यात काढलं असतं. आज खिडकीशी बसून धाकटीसाठी गाऊन शिवायला घेतला. निळं कापड, बारीक फुलांचं. किती दिवसांनी मशीनचा आवाज ऐकला. फार बरं वाटलं.

१३ नोव्हेंबर

गाऊन तिला घालून बघितला. खालची कड एका बाजूला वर चढलेली. माझं माप चुकत नाही. काढून जमिनीवर पसरला, तर कापड सरळ. वाकडी होती ती धाकटी. उजव्या कंबरेवर झुकून उभी, थेट माझ्यासारखी. विचारलं तर म्हणे, जिन्याच्या चढ-उतारानं होतं. टाचणी लावताना तिच्या बरगडीला माझं बोट लागलं आणि ती पांढरीफटक पडली.

मला तेव्हाच कळलं. तरी संध्याकाळी खांद्यात कळ उठली, तेव्हा मी तिला हाक मारली.

१६ नोव्हेंबर

तिचे एक्स-रे काढून आणले. डॉक्टर म्हणाले, हाडं ठणठणीत आहेत. ठणठणीत माणूस ओठ चावून रक्त काढतं का?

घरी आल्यावर बजावलं, पुन्हा माझ्या अंगाला हात लावलास तर याद राख. मग मी माझी गोळी घेतली. तिला उतार पडेल, ही आशा. मला नुसती झोप आली. ती तशीच कण्हत होती.

१८ नोव्हेंबर

तिच्या कंबरेवर हात ठेवून म्हटलं, दे परत. पुन्हा पुन्हा म्हटलं. काही येत नाही. ती सोडतच नाही.

"माझ्या फीसाठी तू मशीनवर पाठ मोडून घेतलीस, तेव्हा मला विचारलं होतंस?" म्हणाली. "आता गप पडून राहा."

हट्टी आहे मेली. मी खूप रडले. माझं तिच्याशिवाय आहे कोण?

२० नोव्हेंबर, सकाळी

चहा करायला मी उठले. मला काही दुखत नव्हतं ना. ओट्याशी वळले आणि मांडीत कट्‌कन आवाज झाला. खाली बघितलं. पाय वाकला होता — सांधा नाही तिथे.

मला काही नाही. मुंगी चावल्याएवढंही नाही.

वर धाकटी किंचाळली.

त्याच दिवशी, दुपारी

शेजाऱ्यांनी पलंगावर आणून ठेवलं. उचलताना — तिचा आवाज. तो आवाज माणसाचा नव्हता.

नर्सबाई आल्या. त्यांना सगळं सांगितलं. गोळ्यांनी भ्रम होतो म्हणाल्या. वर जाऊन आल्या. बहीण नुसती घाबरलीय, म्हणाल्या, तुमचं आधी बघू. इंजेक्शन दिलं — मला. तिला द्या म्हटलं, तर ऐकत नाहीत.

लिहून ठेवते, निदान कुणी वाचेल. पण खांदा हलला की वर ती —

थोडंच लिहीन.

अॅम्ब्युलन्स आली

हात जोडले. मला हलवू नका. फार दुखतंय का, विचारलं. नाही म्हटलं. मग कशाला घाबरता आजी, म्हणे. पाय ओढून सरळ करणार, मग स्ट्रेचर.

तोंडात पदराचा बोळा घातलाय बहुतेक तिनं. आवाज घुसमटतोय.

पाय धरला —

ओढला

वर आता काही नाही. एकदम शांत.

मांडीत काहीतरी — कळ — आई गं — मला दुखतंय. मला दुखायला लागलंय. म्हणजे धाकटी —