बाबांच्या दगडावर काय कोरायचं

टॅनर्स फोर्ड, मिसूरी
१८ नोव्हेंबर १९६२

प्रिय लोवेल,

तू, ग्लोरिया आणि मुली सुखात असाल असं धरून चालते. इकडे थंडी पडलीय, ओढ्याच्या काठाला सकाळी बर्फाची साय धरते. शेजारच्या मिसेस ओडेलची कंबर पुन्हा धरलीय. गुरुवारी थँक्सगिव्हिंग, एकटीसाठी टर्की कोण भाजणार, मी कोंबडीवर भागवीन.

तुझं पत्र पोचलं. बाबांच्या थडग्याच्या दगडावर नुसतं 'डॉक्टर' कोरावं, पुढे ऑस्टिओपॅथीचं 'डी. ओ.' नको, म्हणतोस. 'मेल्यावर तरी त्यांना कोणी हाडवैद्य म्हणून हसू नये.' दगडवाला प्रुइट हेच विचारत दारात उभा असतो. परवा म्हणाला, "व्हर्ना, जमीन गोठली की दगड बसायचा नाही हां. बापाला वसंतापर्यंत बिननावाचं ठेवतेस काय?" मी त्याला कळवते म्हटलं.

आधी दुसरं सांगते, हसू नकोस. बाबांच्या तपासणीच्या खोलीतून हात चोळल्याचा आवाज येतो. पेशंटला हात लावण्याआधी ते तळवे घासायचे ना, तोच. "थंड हाताला अंग खरं सांगत नाही," म्हणायचे. टेलिफोन डिरेक्टरीच्या पानाखाली घोड्याचा केस ठेवून आपल्याला डोळे मिटून चाचपायला लावायचे. तुला तो आधी सापडायचा आणि मी रडायचे. आवाज आला की मी दार उघडून बघते. आत टेबल असतं, त्यावर घडी घातलेली चादर असते, बाकी कोणी नसतं.

जुलैत तुम्ही कॅलिफोर्नियातले सगळे डी. ओ. पदवीचे कागद बदलून एम. डी. झालात, तेव्हा बाबांनी तुझा फोटो भिंतीवरून काढला. "शिकला तेच, हात तेच, मग कोणाला भिऊन कागद बदलला?" तुला घरात पाऊल टाकू नकोस म्हणून कळवलं, तेही मला ठाऊक आहे. मी तुला बोल लावत नाही. आपण डी. ओ. औषधं, शस्त्रक्रिया सगळं एम. डी. लोकांसारखंच शिकलो, वर मणके-सांधे हातांनी बघायला शिकलो. तरी इथल्या इस्पितळात मला पेशंट दाखल करता येत नाही. एखादा एम. डी. माझ्याशी पेशंटबद्दल बोलला, तर त्याचीच मंडळी त्याला वाळीत टाकतील.

ऑगस्टमध्ये बाबांच्या पोटात कळ उठली. आपल्या डी. ओ. लोकांचं इस्पितळ दोन तासांवर, तेवढा वेळ नव्हता. इथल्याच इस्पितळात नेलं. ते गेले एवढंच मी तुला तारेनं कळवलं होतं. मधलं कळवलं नाही.

नर्सनं विचारलं, "घरात कोणी डॉक्टर आहे का?"

बाबा म्हणाले, "आहे ना. मुलगा. लॉस एंजेलिसला एम. डी. आहे."

"आणि ह्या?"

"ती? ती माझं घर बघते."

त्यांची बॅग माझ्या हातात होती, लोवेल. मला बाहेरच्या बाकावर बसवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते आतच वारले.

तेव्हापासून कानात तेच आहे. घर बघते. ज्या अक्षरांची त्यांना शेवटी लाज वाटली, तीच मी त्यांच्या उरावर कशी ठेवू? तुझं पत्र वाचून वाटलं, तुझंच बरोबर असेल.

मग गेल्या रविवारी, सगळं गाव चर्चमध्ये असताना, स्वयंपाकघराच्या दारावर थाप पडली. इस्पितळात बाबांवर उपचार केलेला तरुण एम. डी., हॅलिडे, कमरेत वाकून उभा. लाकूड उचलताना पाठ धरलेली, मानही वळेना.

"कोणाला सांगू नका हं," म्हणाला.

"सांगून माझं काय भलं होणार आहे? बाबांच्या टेबलावर पालथे झोपा."

पाठ मोकळी केली, मग हात मानेवर नेले. तसा तो टेबलात तोंड खुपसून म्हणाला, "मिस स्टॉडर्ड, तुम्हाला बाहेर बसवल्यावर तुमच्या वडिलांनी माझा हात झटकला होता. म्हणाले, 'तुझे हात गार आहेत, पोरा. बाहेर डॉक्टर बसलीय, तिला बोलव.' मी म्हटलं, तुमचा डॉक्टर तर कॅलिफोर्नियात आहे. तर म्हणाले, 'तो नाही रे. त्याचं नाव घेतलं की तुम्ही लोक नीट बघता, म्हणून घेतलं. आता मला व्हर्ना पाहिजे.' शेवटपर्यंत तेच म्हणत होते."

"मग बोलावलं का नाही?"

"डी. ओ.ला आत घेता येत नाही. नियम आहे."

माझे हात त्याच्या मानेवर होते. ते गार पडले. मनात काय आलं ते तुला लिहीत नाही. मी हात काढून घेतले, ऊब येईपर्यंत चोळले, आणि त्याची मान सरळ करून दिली. तो मागच्या दारानंच गेला. मग मी त्याच टेबलावर डोकं टेकून पोटभर रडले. एका दारापलीकडे ते मला बोलावत होते आणि मी त्यांची बॅग मांडीवर घेऊन बसले होते.

वाटलं होतं, एवढं कळल्यावर तरी आवाज थांबेल. थांबला नाही, वाढलाय. इतके दिवस मला वाटायचं, ते पेशंटसाठी हात गरम करतायत. आता वाटतं, त्यांचेच हात गार पडलेत.

काल प्रुइटला सांगून आले: डॉक्टर अमोस स्टॉडर्ड, डी. ओ. अक्षरं खोल कोर म्हटलं. शनिवारी दगड बसतोय. त्यांनी तुझं नाव भीतीपोटी घेतलं असेल, पण घेतलं. फोटो मी परत भिंतीवर लावलाय. तू ये. आणि कोणी बघेल म्हणून मागच्या दारानं येऊ नकोस, पुढच्या दारानं ये.

घर बघणारी,
तुझी थोरली बहीण,
डॉक्टर व्हर्ना स्टॉडर्ड, डी. ओ.