विमानतळाच्या नोकरीचं प्रॅक्टिकल

मु. पो. जानेफळ, ता. मेहकर
शुक्रवार, सकाळी

तीर्थस्वरूप पंजाबराव दाजी यांस,

तुमच्या एकुलत्या एका मेहुण्याचा, म्हणजे शालिग्रामचा, पायावर डोकं ठेवून नमस्कार. माझ्या थोरल्या बहिणीचे, आमच्या बाईचे, गुडघे कसे आहेत? तिले म्हणा, जिना चढू नको आणि मोबाइलवर पाहून कोणतंही तेल लावू नको. तुमच्या लेकाले, दीपकले, आशीर्वाद. इकडे आमची मंडळी, सत्यभामा, बरी आहे, वांग्याच्या शेंड्यात अळी शिरली आहे, बाकी देवाची कृपा. फोन सोडून हा चिठ्ठी काऊन लिहून राह्यला, असं तुमाले वाटंल. तर बाई फोन उचलला की पहिले स्पीकर लावते (मागच्या खेपेले मी माझ्या मूळव्याधीचं तिले सांगितलं, अन् चौकशी तुमच्या शेजारच्या गिरणीवाल्यानं केली). म्हणून आमचा कारभारी सोयाबीन घेऊन नांदुऱ्याले तुमच्या दुकानी येऊन राह्यला, त्याच्या हाती देतो. हे पूर्ण वाचल्याशिवाय त्याच्या मालाले काटा लावू नका.

दीपकले विमानतळावरच्या नोकरीचं पत्र आलं, अन् सोमवारच्या आत ट्रेनिंगचे अठरा हजार भरायचे आहेत, हे काल बाईनं सत्यभामेले सांगितलं. दाजी, हात जोडतो, एक रुपया भरू नका. ती शुद्ध चोरी आहे. तुमी जन्मभर तुरीचा दाणा दाताखाली धरून ओल सांगत आले, अन् या पत्रातली ओल तुमाले कळली नाही? नाव एवढ्या मोठ्या विमान कंपनीचं अन् खाली ईमेल फुकटातला, जसा आपल्या पोरांपाशी असते तसा. शिक्क्यावर विमान आहे म्हणे. मी ते पाह्यलं आहे, ते आमच्या तळ्यावरच्या बगळ्यासारखं दिसते. मुलाखत कोणी घेतली? फोनवर एका बाईनं विचारलं, ‘सर, पेमेंट आज करता की उद्या?’ झाली मुलाखत! अन् पैसे जाणार कोण्या करिष्माच्या खात्यात. ही करिष्मा काय विमानं उडवते? नोकरी देणारा पगार देते, पैसे मागत नाही. जो पैसे मागते त्याच्यापाशी नोकरीच नसते. हे माझं वाक्य मोठ्या अक्षरात लिहून दुकानात लावा.

तुमी म्हणसान, मग तुमच्या पोराले, प्रेमले, नागपूरच्या विमानतळावर नोकरी कशी लागली? नाही लागली. तो घरीच आहे. आत्ता समोर वांग्यावर फवारा मारून राह्यला. दोन महिने मी सगळ्या सोयऱ्यांले तो ड्युटीवर आहे असं सांगत आलो, ते खोटं. काय करणार, नोकरी नसलेल्या पोराले आजकाल कोणी पोरगी दाखवत नाही, अन् प्रेमसाठी जिचं स्थळ पाहून राह्यलो त्या अर्पिताच्या बापानं तर नोकरीचं ऐकूनच आमच्या घरचा चहा घेतला होता.

तर त्याचं ट्रेनिंग ऐका. देऊळगाव राजाले एका हार्डवेअरच्या दुकानावर भाड्याचा हॉल. त्यात चाळीस पोरं अन् एक सर. सरचं नाव कोणाले माहीत नाही, टाय मात्र सगळ्यांले माहीत (पंधरा दिवस तोच होता). पहिले चार दिवस हसायचं कसं, ते शिकवलं. मग प्लास्टिकच्या खुर्च्या दोन-दोन मांडून विमान केलं, अन् आमचा लेक त्या मधल्या गल्लीतून ‘पानी लेंगे सर?’ करत फिरला. पाणी सरच पेत होता. मग सामान चढवण्याचा तास. त्यासाठी सरचीच बॅग होती, त्याच्या धुवायच्या कपड्यांची. ती चाळीस पोरांनी पाळीपाळीनं जिन्यावरून खाली नेली अन् वर आणली. मधी ड्रेसचे पैसे, मग ओळखपत्राचे पैसे, मग पैसे पोचले याच्या पावतीचे पैसे. पावतीवर लिहिलं काय, तर ‘व्यक्तिमत्त्व विकास पुस्तके, परत मिळणार नाहीत’. पुस्तक एकाही पोरानं पाह्यलं नाही.

शेवटच्या दिवशी फायनल प्रॅक्टिकल. खाली टेम्पो उभा. सर म्हणे, हे विमान समजा. पोरांनी खुर्च्या, टेबल, पंखा, कॉम्प्युटर, ती धुवायच्या कपड्यांची बॅग, सगळं चिठ्ठ्या चिकटवून, वजन दोन्हीकडे सारखं करून टेम्पोत चढवलं. सरनं घड्याळ लावून मार्क दिले. मग स्वतः ड्रायव्हरच्या बाजूले बसला अन् म्हणाला, सगळ्यांनी हात हलवा, प्रवाशाले निरोप देणं हेही कामात येते. चाळीस पोरांनी हात हलवला. टेम्पो जालन्याच्या रस्त्यानं गेला तो गेलाच. जगात कोणता चोर असा असंल का दाजी, ज्याचा पळायचा माल लुटलेल्या लोकांनीच भरून दिला, अन् वरून टाटा केला? थू त्याच्या टायवर!

अन् तुमच्यापाशी त्या करिष्मानं पुरावा म्हणून जो बॅनरचा फोटो पाठवला, तो आमच्याच बस स्टँडवरचा आहे. आपल्या इकडची रीत तुमाले माहीत आहे. ते पहिलं पत्र आलं त्याच दिवशी, पगार तर सोडाच, ट्रेनिंगही सुरू व्हायच्या आधी, बॅनर लागला: ‘जानेफळचे भूमिपुत्र प्रेम यांची विमानतळावर निवड, हार्दिक अभिनंदन’. खाली शुभेच्छुकांचे सव्वीस फोटो. त्या सरनं स्वतः येऊन त्याचा फोटो काढला, पेढाही खाल्ला, अन् आता तोच फोटो तो जिल्हाभर फिरवून राह्यला. त्याले जाहिरातीले एक पैसा लागला नाही. आपली अक्कल आपणच दहा बाय आठच्या फ्लेक्सवर छापली.

बाईले नमस्कार. भाव पडायच्या आत कारभाऱ्याचा माल मोजून घ्या.

तुमचा,
शालिग्राम

ता. क. : ते नोकरी देणाऱ्याचं वाक्य माझं नाही, प्रेमचं आहे. पत्र आलं त्याच दिवशी वाफ्यात उभं राहून तो मले बोलला होता. मी म्हटलं, कामचोर साल्या, बहाणे करतो. अन् पैसे मीच भरले. पंधरा दिवस तो खुर्च्यांमधून फिरला ते माझा बॅनर लागला होता म्हणून. टेम्पो भरताना त्यानं एकट्यानं विचारलं होतं, ‘सर, हे कुठं चाललं?’ सरनं त्याचे पाच मार्क कापले.

आणखी ता. क. : दीपकचा नंबर त्या लोकांपाशी कसा गेला, याचं तुमाले नवल वाटलं असंल. नातेवाइकांतलं एक नाव दिलं तर फीमध्ये हजाराची सूट होती. मी दिलं. तुमचं दुकान, बाईचं नाव, दीपक किती शिकला, सगळं मीच लिहून दिलं. तवा मले वाटलं, पोराचं भलं होईल. खरं सांगतो, सूटही दिसत होती. बाईले सांगू नका (सांगायचंच असंल तर दार लावून सांगा).

शेवटचं : प्रेम म्हणते, बुधवारी पोलिसांत जायचं. दीपकचं पत्र अन् त्या करिष्माचा नंबर घेऊन तुमी मेहकरले या, पाया पडतो. मी एकटा गेलो तर पहिले बॅनरचंच विचारतील, अन् मले तिथं बोलता येणार नाही. बॅनर आज सकाळी प्रेमनं स्वतः उतरवला. पण फोटो तर मोबाइलमधून कोणाले उतरवता येत नाही. तुमच्या बाजारात कोण्या बापाच्या हातात तो दिसला, तर खालच्या ओळीत डावीकडून तिसरा, फेटा बांधून सगळ्यांत मोठ्यानं हसून राह्यला, तो मी आहे. त्याच्या तोंडाकडे पाहून कोणाले पैसे भरू देऊ नका.