धुतलेला पिंपळ

कारखाना वस्ती, जि. बीड
रविवार, २० जानेवारी २०१९

प्रिय अण्णा,

मागच्या पत्रात मी तुम्हाला एक गोष्ट चुकीची लिहिली. कारखाना आणि वस्ती यांच्यामधल्या, मी दर आठवड्याला तपासते त्या झाडांत भोकराच्या पानावर सगळ्यांत जास्त धूळ सापडली आणि पिंपळाच्या पानावर जवळजवळ काहीच नाही, म्हणून पिंपळ धूळ धरत नाही, असं मी लिहिलं होतं. भोकराचं बरोबर आहे. त्याचं पान मांजराच्या जिभेसारखं खरखरीत, आलेली धूळ सोडत नाही. पिंपळाचं मात्र खोटं निघालं.

चूक कळली ती केशरबाईंमुळे. धुराडं पेटलं की माझ्या या घरमालकिणीचा खोकलाही पेटतो. दोरीवरचं पांढरं धुणं संध्याकाळपर्यंत ठिपक्याठिपक्यांचं होतं. माझे आकडे ऐकून त्या म्हणाल्या, "तुजा पिंपळ काय सोवळ्यात बसलाय का गं? आमच्या परसातल्याला बोट लाव, काजळ घालता येतंय." मी बोट लावलं. काळं झालं. परसातला पिंपळ तर धुराड्यापासून जास्त लांब आहे.

तेव्हापासून मला झोप नीट लागत नाही. आधी वाटलं, माझंच वजन चुकलं असेल. मग वाटलं, कुणीतरी माझ्या मागावर आहे. दर सोमवारी मी पाला तोडते हे सगळ्या कारखान्याला ठाऊक आहे. म्हणून या खेपेला सोमवार सोडून गुरुवारी तोडला. तरी पिंपळ स्वच्छच. पण त्याच्या पानाच्या शेपटीसारख्या टोकावर करडा, वाळलेला थेंब होता. पावसाला चार महिने झाले, अण्णा. दव म्हणावं, तर परसातल्या पिंपळावर तसा एकही डाग नाही.

लहानपणी तुम्ही मला शाळेआधी घरीच पाढे शिकवलेत. चुकलेला आकडा मी ओल्या बोटाने पुसायची आणि वर बरोबर लिहायची. तुम्ही पाटी उजेडात तिरपी धरायचात. पुसलेलं सगळं दिसायचं. गुरुवारी मी पान तसंच तिरपं धरलं. पाणी ओघळल्याच्या रेघा शिरांवर स्पष्ट होत्या. मग पानावरचं मेण विरघळवून त्यात रुतलेली धूळ गाळून घेतली. छातीत खोल जाते ती हीच बारीक धूळ, आणि ती नुसत्या पाण्याने निघत नाही. ती परसातल्या पिंपळाच्या दुप्पट भरली. म्हणजे पिंपळ आपलं काम करत होता. कुणीतरी त्याचं तोंड धुवून त्याला खोटं पाडत होतं, वस्तीकडे राख जातच नाही असं दिसावं म्हणून.

बुधवारी वस्तीत प्यायच्या पाण्याचा टँकर अर्धाच आला होता. मी टँकरवाल्या पाशाभाईंना कारण विचारलं. ते म्हणाले, "मला कावून इचारता ताई? गेवराईच्या सायबांचा फोन आलता. पाला तोडायच्या आदल्या दिशी झाडांना आंघोळ घाला म्हणले. मानसाला प्यायला न्हाई अन् झाडाला आंघोळ! मी बी लई हसलो."

मला हसू आलं नाही. संचालक मंडळात गेवराईचे तुम्ही एकटेच नाही, दोघे आहेत, असं मी तीन दिवस स्वतःला समजावते आहे. पण या वेळी गुरुवारी पाला तोडणार हे मी एकालाच सांगितलं होतं, फोनवर, मुद्दाम.

अण्णा, ते तुम्हाला.

फोनवर तुमचा आवाज ऐकला की मी तुमचं लगेच मानते, म्हणून हे लिहून पाठवते आहे. दुष्काळात कारखान्यावर यंत्राचा बोजा नको, असं तुम्ही म्हणाल. असेलही. पण धुराड्याला राख पकडणारं यंत्र बसवायचं की नाही, हे सभासद माझ्या आकड्यांवर ठरवणार आहेत. सभेत तुम्ही स्वतः उठून सांगितलंत, तर मी फक्त खरे आकडे वाचून खाली बसेन. नाही सांगितलंत, तर झाडं कुणी धुवायला लावली तेही वाचेन. पाशाभाईंचं नाव त्यात येणार नाही, तुमचं येईल. पाटी तिरपी धरायला तुम्हीच शिकवलंत. सभा सोमवारी, २८ जानेवारीला, सकाळी अकरा वाजता आहे.

तुमचीच लेक,
वेणू