मळखाऊ रंगाची गाडी

मी, ज्याला हा सगळा रस्ता मिस्त्री म्हणून ओळखतो, वय पूर्ण चौऱ्याहत्तर, धंदा इंजिनं बांधण्याचा, हे मृत्युपत्र वर्कशॉपच्या वरच्या खोलीत बसून, दिवसाउजेडी, शुद्धीत आणि स्वखुशीने करत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांकडून घेतला आहे. एकाच डॉक्टरचा दाखला असला तर उद्या कोणी शंका काढील, म्हणून दुसऱ्याकडूनही घेतला. दोघे एकमेकांना ओळखत नाहीत, याची चौकशी मी केली आहे. पानांवर आकडे घातले आहेत आणि प्रत्येक पानाच्या तळाशी माझी सही आहे. कुठे रिकामी ओळ दिसली तर ती मी सोडलेली नाही, आणि तिच्यात जे लिहिलेलं असेल ते माझं नाही.

चार महिन्यांपूर्वी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. ते का फाडावं लागलं ते कलम पाचमध्ये येईल.

कलम १. वर्कशॉप आणि वरच्या दोन खोल्या माझ्या स्वतःच्या कमाईच्या आहेत. माझ्यामागे ताई हयात असेपर्यंत ती तिथेच राहील. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, वय एकोणऐंशी. नवरा गेल्यावर ती माझ्याकडे आली आणि वर्कशॉपच्या पुढच्या खोलीत गाड्यांची सीट-कव्हरं शिवू लागली. तिने शिवलेलं कव्हर उसवून परत आलेलं मी कधी पाहिलं नाही. "थोडे दिवस आमच्याकडे चला" असं गोड बोलून तिला कोणी इथून हलवू नये. हे वाक्य जावयांसाठी आहे. ताईनंतर सगळी वास्तू माझ्या मुलीची.

कलम २. बँकेत जे काही निघेल ते मुलीचं, एकटीच्या नावावर. जावयांना राग येईल. येऊ दे.

कलम ३. हत्यारं तांत्रिक शाळेला द्यावीत. यादी सोबत जोडली आहे, तिच्यात शेवटच्या पान्यापर्यंत नोंद आहे. शाळेच्या मास्तरांनी यादी हातात धरून मोजून घ्यावीत, विश्वासावर घेऊ नयेत. जावई टॉर्कचा पाना मागतील. त्यांनी पाना उलटा धरून नट आवळताना मी पाहिलं आहे.

कलम ४. गाडी. माझी चार दारांची गाडी मळखाऊ रंगाची आहे. छपरावर सामानाची जाळी, मागच्या काचेला पडदे, डाव्या दाराला पोचा. रस्त्यात उभी असली तर कोणी वळून बघणार नाही. बघितलंच तर वाटेल, एखाद्या निवृत्त कारकुनाची असावी. तसं वाटावं म्हणूनच ती तशी ठेवली आहे. आत एका मोठ्या गाडीचं सहा सिलिंडरचं इंजिन आहे. ती मोठी गाडी मागून चेपली होती, इंजिनाला धक्का लागला नव्हता. एवढ्या वजनाने नाक खाली झुकलं असतं आणि जाणत्या माणसाने ओळखलं असतं, म्हणून पुढच्या स्प्रिंगा बदलल्या. ब्रेक मोठे घातले आणि ते दिसू नयेत म्हणून चाकांवर साध्या पत्र्याच्या टोप्या बसवल्या. इंजिनाचा नंबर आता कागदावर रीतसर नोंदलेला आहे. जावयांनी तो कचेरीत जाऊन गुपचूप तपासला, हे मला ठाऊक आहे.

आठ वर्षं जावई म्हणत होते, "बाबा, हे भंगार काढून टाका, मी माणूस पाठवतो." भंगाराची एवढी घाई कोणाला असते? मग एका रविवारी टेकडीच्या चढावर ते त्यांच्या नव्या चकचकीत गाडीतून पुढे चालले होते. शेजारी बसलेली ताई मला म्हणाली, "अरे, पुढे जावईबापू आहेत, जरा जपून." मी जपूनच पुढे गेलो. चढ संपला तेव्हा ते माझ्या आरशातसुद्धा नव्हते. त्या दिवसापासून 'भंगार' हा शब्द बंद झाला आणि 'बाबांची आठवण' हा शब्द सुरू झाला. जावयांना गाडी मिळणार नाही.

कलम ५. डावरा. हे कलम लांब आहे, वकीलसाहेबांनी कापू नये.

डावरा माझा भागीदार. सगळी कामं डाव्या हाताने करतो म्हणून डावरा. वरून गरीब आणि आतून दांडगट अशा गाड्या आम्ही दोघांनी मिळून बांधल्या, माझी धरून सात. इंजिन मी जुळवायचो, ते जागेवर बसवायचा तो. गाडीत काय आहे हे गिऱ्हाईक सोडून आम्हां दोघांनाच माहीत असायचं. ताईला माहीत असेल, असं मी कधी धरलंच नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी एक कापडवाला आला. म्हणजे तो स्वतःला कापडवाला म्हणवत होता. नमुने घेऊन लांब लांब जावं लागतं, गाडी जुनाट दिसली पाहिजे आणि पळाली पाहिजे, असं म्हणाला. बूट स्वच्छ, नखं स्वच्छ. घासाघीस अजिबात केली नाही.

डावरा म्हणाला, "मिस्त्री, याला गाडी देऊ नकोस. कापडवाला असून ताईंच्या कापडाला याने हातसुद्धा लावला नाही."

मी म्हणालो, "गिऱ्हाईक माझं आहे म्हणून तुझ्या पोटात दुखतंय." जन्मभर सगळ्यांवर संशय घेत आलो, आणि घ्यायचा तिथे घेतला नाही.

गाडी तयार झाली. ती न्यायला तो ज्या दिवशी येणार होता, त्याच दिवशी सकाळी पोलीस आले. थेट त्याच गाडीपाशी गेले. इंजिनाची नोंद नव्हती, म्हणून मला नेलं आणि अकरा दिवस कोठडीत ठेवलं. वर्कशॉपला सील लागलं. कापडवाला आलाच नाही. अकराही दिवस मी एकच विचार केला. माहीत होतं दोघांना. त्यातला एक मी.

सुटून आलो तेव्हा डावरा दुकानासमोर, रस्त्यापलीकडे उभा होता. भर रस्त्यात, चार लोकांदेखत मी त्याला विचारलं, "पोलिसांना तूच सांगितलंस ना?"

त्याने माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. मग म्हणाला, "हो."

एवढंच. कारण सांगितलं नाही, माफी मागितली नाही. मी भागीदारी मोडली. त्याने रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला आपलं वेगळं दुकान थाटलं. एकोणीस वर्षं त्याच्या दुकानावरून जाताना मी मान वळवली नाही. त्याची बायको वारली, मी गेलो नाही. त्याने माणूस पाठवून निरोप दिला होता, तरी गेलो नाही. आणि चार महिन्यांपूर्वीच्या मृत्युपत्रात मी लिहिलं की डावऱ्याने माझ्या तिरडीला खांदा देऊ नये, दिलाच तर तिरडी खाली ठेवावी.

ताईचं अक्षर चांगलं, म्हणून स्वच्छ प्रत करायला तिला बसवलं होतं. त्या ओळीपाशी आली आणि तिने पेन खाली ठेवलं.

"हे मी लिहिणार नाही," ती म्हणाली.

"का?"

"कारण पोलिसांकडे मी गेले होते."

मला वाटलं ती डावऱ्याला पाठीशी घालते आहे. मी तसं बोललोही. तेव्हा तिने जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहितो. "मी सीट शिवत होते. तू बाहेर गेला होतास. तो कापडवाला माझ्याकडे आला आणि म्हणाला, मागच्या सीटमागे एक कप्पा करून द्या, भावाला सांगू नका, त्याला आवडणार नाही. साडेतीन फूट लांब, दीड फूट रुंद. आतून मऊ अस्तर लावा, म्हणाला. मी म्हटलं, कापडाच्या नमुन्यांना मऊ अस्तर कशाला? तर हसला. म्हणाला, आणि हवेसाठी दोन भोकं ठेवा. हवा कापडाला लागते का रे? हवा कोणाला लागते?"

तरी मी एकदम मानलं नाही. दोन दिवस वर-खाली करत राहिलो. मग पोलीस आले त्या सकाळचं चित्र पुन्हा नीट डोळ्यांपुढे आणलं. इंजिनाची खबर मिळालेला माणूस आधी बॉनेट उघडतो. इन्स्पेक्टरने आधी मागचं दार उघडलं होतं. सीट काढून तिच्यामागची जागा तो टेप लावून मोजत होता. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. बॉनेट त्यांनी नंतर उघडलं. एकोणीस वर्षं हे माझ्यापाशी होतं आणि मी त्याचा अर्थ लावला नाही.

पुढचंही ताईनेच सांगितलं: पोलीस आमच्याकडे येऊन गेल्यावर दोन महिन्यांनी तो कापडवाला दुसऱ्या शहरात पकडला गेला, तशाच एका साध्या गाडीत. सीटमागे सात वर्षांची मुलगी सापडली. जिवंत. ताईने त्या दिवशीचं वर्तमानपत्र घरात येऊ दिलं नव्हतं. त्याची माणसं बाहेर मोकळी होती आणि खबर कोणी दिली याची चौकशी करत होती. इन्स्पेक्टरने तिला तोंड मिटून राहायला सांगितलं होतं.

"मला तरी सांगायचंस," मी म्हणालो.

"तू चौकात जाऊन ओरडला असतास. आणि मग पुढे सांगायची लाज वाटायला लागली. डावऱ्याला तू तोडून बसला होतास."

"त्याला माहीत होतं?"

"तू कोठडीत होतास तेव्हा त्याला सांगितलं. आणखी कोणाला सांगणार?"

मी उठून रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला गेलो. डावरा एका गाडीखाली होता. मी त्याच्या पायांशी उभा राहून विचारलं, "हो का म्हणालास?"

तो खालूनच म्हणाला, "तू विचारलंस तेव्हा ताई तुझ्या मागे दारात उभ्या होत्या. चार लोक ऐकत होते. नाही म्हटलं असतं तर मग कोण, असं तू तिथल्या तिथे विचारलं असतंस."

"नंतर येऊन सांगायचंस."

"तू दार उघडलं असतंस?"

नसतं उघडलं.  त्याच्या बायकोच्या वेळी मी आलो नाही, हे माझ्या तोंडून निघालं. तो गाडीखालून बाहेर आला आणि हात पुसत राहिला.  त्याने शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

तरी माझी एक शंका उरते ती लिहून ठेवतो. त्याआधीच्या पाच गाड्या कोणाकोणाच्या हातांत गेल्या? एकाने डॉक्टर असल्याचं सांगितलं होतं, एकाने शर्यतींचा शौक असल्याचं. मी मान डोलावून किल्ल्या दिल्या. इंजिनाचा प्रत्येक नट तपासला आणि माणसं तपासली नाहीत. डावरा आणि मी गेले दोन महिने जुन्या वहीतले पत्ते काढून एकेक गाडी शोधतो आहोत. तीन सापडल्या, त्या ठीक आहेत. राहिलेल्या दोन सापडण्याआधी मी गेलो तर हे काम मुलीने पुरं करावं. वही ताईकडे आहे.

कलम ६. ~~कलम चारमधली गाडी मी डावऱ्याला देत आहे.~~ हे वाक्य आज खोडलं आहे. खोडण्याचं कारण असं:

वाचून दाखवायला डावऱ्याला वर बोलावलं होतं. गाडीचं ऐकून त्याने कागद स्वतःकडे ओढला. मग म्हणाला, "साक्षीला कोण?"

मी सांगितलं की शेजारच्या दुकानातले घड्याळजी आहेत, दुसरा अजून मिळालेला नाही. आणि ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकीलसाहेब म्हणतात.

"मग मला काही नको. पेन दे."

सवयीप्रमाणे मला संशय आला. "का?"

"तुझ्यापुढे एकदा लोकांदेखत खोटं बोललो. आता खऱ्याखाली सही करू दे."

म्हणून गाडी ताईला. ताईला गाडी चालवता येत नाही. ती शेजारी बसेल आणि चालवायला कोणाला बोलवायचं ते तीच ठरवील. कोणाला बोलावील, याचाही मला संशय आहे. तो मी लिहीत नाही.

तिरडीला खांदा कोणी द्यावा याबद्दल आता काही म्हणणं नाही.

स्थळ: वर्कशॉपच्या वरची खोली. दिनांक सतरा, मंगळवार, सकाळचे अकरा.

(सही) मिस्त्री

वरील सही मिस्त्रींनी आम्हां दोघांसमोर केली व आम्ही त्यांच्यासमोर केली. कलम सहामधली खाडाखोडही आमच्यादेखत झाली.

साक्षीदार पहिला: (सही) घड्याळजी

साक्षीदार दुसरा: (सही, डाव्या हाताने) डावरा. सगळं वाचलं. बरोबर आहे.