शेठची ट्रीटमेंट

३ मार्च
क्लिनिकच्या वेटिंग रूममधल्या टाकीत शेठच्या अंगावर पांढरे ठिपके. शेठ म्हणजे लेकीचा लाडका क्लाउनफिश. नारिंगी, जरा पोट सुटलेला. हॉस्टेलला जाताना तिने तो माझ्या हवाली केला, तोही दहादा बजावून. रिसेप्शनिस्ट म्हणाली, आजारी दिसतोय. मी समजावलं, समुद्राचं पाणी आहे, अंगाला मीठ लागणारच. बिचारीचं सायन्स कच्चं आहे.

५ मार्च
मीठ वाढलं. शेठ दगडाला अंग घासतोय. माशांच्या दुकानदाराला फोटो पाठवला. त्याचं म्हणणं, हे परजीवी किडे. मासे वेगळ्या टाकीत काढा, तांब्याचं औषध तिथेच द्या. मोठ्या टाकीत थेंबही नको, तिथली कोळंबी मरेल. मी दातांचा का होईना, डॉक्टर आहे. टाक्या विकणारा मला ट्रीटमेंट शिकवणार? ठरलं. नैसर्गिक उपचार. खाण्यात लसूण.

६ मार्च
लसूण सुरू. स्वतः ठेचला. दोन पेशंट तोंड उघडायच्या आधीच नाक धरून बसले. ग्लोव्ह्ज घातले तरी म्हणे वास येतो. मोठ्या कामात हे चालायचंच.

८ मार्च, सकाळी
ठिपके गायब. शेठ तुकतुकीत. लेकीला फोन केला, किरकोळ होतं, बापाने निपटलं. तिने विचारलं, नक्की ना? दुकानदाराला मुद्दाम कळवलं. तर म्हणतो, किडे अंगावरून गळून खाली वाळूत गेलेत, तिथे त्यांची पिलावळ होईल आणि सगळी परत येईल. गिऱ्हाईक हातचं गेलं की माणूस काहीही बोलतो. लसूण बंद. यावर एक लेख लिहावा म्हणतो.

१३ मार्च
पिलावळ आली. शेठवर कुणी साखर भुरभुरल्यासारखी दिसते. धापा टाकतोय. लेख तूर्तास बाजूला. लेक १७ तारखेला सुट्टीला येतेय आणि तिला मी अजून काही बोललेलो नाही.
मासे पकडून वेगळे काढायचा प्रामाणिक प्रयत्न केला. बाह्या खांद्यापर्यंत भिजल्या, मासा एकही नाही. शेवटी तांब्याचं औषध मोठ्या टाकीतच ओतलं. आजार मुरलेला आहे, म्हणून जरा सढळ हाताने.

संध्याकाळी
कोळंबी आडवी पडलीये. विश्रांती घेत असावी.

१४ मार्च
विश्रांती नव्हती.

१५ मार्च
कुठेसं वाचलं, गोड्या पाण्यात बुडवलं की किडे फुटतात. शेठ आता इतका मलूल की जाळीत सहज आला. हाताशी दुसरं भांडं नव्हतं, म्हणून खुर्चीजवळच्या चुळीच्या ग्लासात ठेवला. तेवढ्यात फोन वाजला. खुर्चीवरच्या काकांनी चूळ भरायला ग्लास उचलला.
शेठ बचावला. काका रूट कॅनाल अर्धवट टाकून निघून गेले.

१६ मार्च
लेक एक दिवस आधीच आली. रिसेप्शनिस्ट फितूर. पोरगी बॅग न ठेवताच टाकीसमोर उभी राहिली आणि रडायला लागली. मलाही भरून आलं. तरी ट्रीटमेंटमागचा विचार मी तिला नीट सांगितला. ती एवढंच म्हणाली, बाबा, कुणाला विचारायचं तरी होतं. मी म्हटलं, विचारलं होतं.
हे बोलायला नको होतं.

२४ मार्च
लेकीने मासे आमच्या घरी आणलेत, छोट्या टाकीत. लपायला पाइपाचा तुकडा, औषध मोजून. ठिपके गेलेत, पण लेक म्हणते लगेच नाचू नका. दुपारी ती हॉस्टेलला परत गेली. जाताना औषधाचं सगळं आईला दोनदा समजावलं. मी शेजारीच उभा होतो. माझ्याकडे टाकीच्या दिव्याचं बटण आलंय.
संध्याकाळी हिने खाणं टाकलं तर शेठ ऐटीत वर आला. कौतुकाने मी खाली वाकलो. तो पाइपात घुसला आणि मी हलेपर्यंत बाहेर आला नाही. ही म्हणाली, अहो, तुम्ही लांबूनच बघा.
म्हणून सध्या दारातून बघतो. तिथून ठिपके आहेत की नाहीत ते दिसत नाही. ही सांगते, नाहीत म्हणून.