गंजीवरची ताडपत्री

आप्पा, तुमची पणती तुमच्याच धंद्यात पडली. आमच्या बेळगुंदीच्या घरात, पुढच्या सोप्यात टेबल टाकून बसते आणि गाड्यांना माल लावून देते. पोरगी बी.कॉम. झाली, बँकेत लागेल म्हणून आम्ही वाट बघत बसलो, आणि हिनं दलाली धरली. एका कानात काहीतरी बोंडूक घालते, एकाशी कन्नड, दुसऱ्याशी हिंदी, आणि मधेच मला हातानं खूण करते, आज्जी, चहा. मी चहा ठेवते आणि चुलीपाशी बसून ऐकते. मला लई बरं वाटतं बघा. सून म्हणते, आत्ती, सीरियल बघायचं सोडून तुम्ही हिचीच भांडणं ऐकत बसताय. आता तिला काय सांगू, मी त्याच भांडणात वाढले.

तुमच्या निपाणीच्या हापिसात फळी होती, हिच्याकडं मोबाईल आहे, एवढाच फरक. बाकी ओरडा तोच. गाडीवाला म्हणतो ह्या भाड्यात डिझेलसुद्धा निघत नाही, माल धाडणारा म्हणतो जमत नसेल तर दुसरी गाडी बघतो, आणि मधल्याला दोन्हीकडनं शिव्या. तुमच्याकडं वखारीतला तंबाखू असायचा, हिच्याकडं फौंड्रीचा माल, कधी साखर, कधी गूळ. मी शाळेत चौथीपर्यंतच गेले, पण फळीवर गाड्यांचे नंबर मीच लिहायची, आठवतं का? गाडी आली की खालच्या ओळीत तिचा नंबर, भरून गेली की वरचा पुसायचा. एकदा मामानं मला पेपरमिंट दिलं म्हणून त्याची गाडी मी सगळ्यात वर लिहिली. तुम्ही बाहीनं ते पुसलंत आणि सगळ्या डायव्हरांसमोर मला परत खाली लिहायला लावलंत. मामा हसत होता, मी रडत होते. मग तुम्ही मला घडी केलेल्या ताडपत्र्यांवर बसवून दोराचा तुकडा हातात दिलात आणि ती तुमची गाठ शिकवलीत. घाटातल्या वाऱ्यानं हलायची नाही, आणि सोडायची झाली की एक टोक ओढलं की मोकळी. त्या दिवशी मी खुर्चीच्या पायाला ती किती वेळा बांधली आणि सोडली, देव जाणे.

त्या गाठीवरनंच तर तुम्ही जावई पसंत केलात. आई विचारत होती, पोरगं कसं हाय, घर कसं हाय. तुम्ही म्हणाला, त्याच्या गाडीवरची ताडपत्री बघ, गाठ बघ, कुठं सुरकुती न्हाय. आई म्हणाली, पोरगी काय ताडपत्रीला द्यायची हाय का? दिलीत मात्र. आणि तुमचं काही चुकलं नाही, माणूस चांगलाच निघाला.

पुढं ते वाईट दिवस आले. गाड्या उदंड झाल्या आणि माल आटला. तुमच्या दारात रस्त्याच्या कडेनं गाड्यांची रांग लागायची, डायव्हर गाडीखाली सतरंजी टाकून पत्ते खेळायचे. एकानं कमी भाड्याला मान डोलावली की मागच्या सगळ्यांचं भाडं पडायचं. ह्यांना बाकीचे टोमणे मारायचे, सासऱ्याचं हापीस हाय, तुला रं काय काळजी. आणि तुम्हाला म्हणायचे, जावयासाठी चांगला माल राखून ठेवता. दोन्ही खोटं. हे रांगेतच उभे असायचे, काळजीनं न खाल्लेली भाकरी पिशवीत वाळून तशीच घरी परत यायची.

मग एक दिवस साखरेचा माल आला, लांबचा, बऱ्या भाड्याचा. फळीवर ह्यांच्या वरती एकच गाडी होती, कुठल्या परगावच्या माणसाची. तो तर कुठंतरी जेवायला गेलेला. तुम्ही माणूस धाडून त्याला बोलावून आणलंत आणि माल त्याला दिलात. हे गाडी रिकामी घेऊन घरी आले. आल्या आल्या गाडी धूत बसले. दुसऱ्या दिवशी मी पोराला कडेवर घेऊन बस धरली आणि निपाणीला आले. तुम्ही उठून खुर्ची दिलीत. मी बसले नाही. सगळ्यांसमोर विचारलं, आप्पा, आमच्या घरात चूल पेटायची का न्हाय?

तुम्ही हळूच म्हणाला, "बाई, जावयाला पुढं घातला तर उद्या माझ्या दारात गाडी कोण लावंल?"

"नगा लावू म्हणावं," मी म्हटलं. "आमी बी लावत न्हाय."

झालं. हे बेळगावात दुसऱ्या दलालाकडं गाडी लावायला लागले. तिथं भाडं आणखी कमी, पण ते तुमचं नव्हतं, म्हणून आम्ही गोड मानून घेतलं. मी माहेरला येणं सोडलं. दिवाळीला तुम्ही माणसाबरोबर नवी ताडपत्री धाडलीत, जाड, मेणाचा वास येणारी. हे म्हणाले, भाडं मागितलं तर पांघरूण धाडलं तुझ्या बानं. गाडीवर काही घातली नाही. परड्यात म्हशींसाठी भाताच्या पिंजराची गंजी रचली होती, तिच्यावर टाकली. गाडीवर जुनी, भोकं पडलेली, आणि गंजीवर नवी.

आणि नेमके तुम्ही आलात. मी परड्यात भांडी घासतेय, तुम्ही कोपऱ्यावरनं येताय, धोतराचा सोगा हातात. मी "या" म्हणते आणि भांडी घासतच राहते. तुमची नजर गंजीवर जाते. मला वाटलं आता रागवाल. तर तुम्ही गंजीला एक फेरी मारलीत, आमच्या गड्यानं कशीतरी बांधलेली दोरी सोडलीत, ताडपत्री चारी बाजूंनी ओढून घेतलीत, आणि आपली गाठ मारलीत. म्हणालात, "वारा शिरंल गं." मग चहा घेतलात, पोराच्या हातात खाऊ दिलात आणि गेलात. मी वेशीपर्यंतसुद्धा आले नाही. तेच शेवटचं. उन्हाळ्यात तुम्ही गेल्याचा निरोप आला, तेव्हा हे माझ्याआधी गाडीत जाऊन बसले होते.

हे सगळं आज का लिहायला घेतलं, तर परवा घरात तेच झालं. माझा मुलगाही गाडी चालवतो. भाडं अजून तसंच, टायर महाग, भाडं स्वस्त. पुण्याचा बरा माल आला होता आणि तो पोरीला म्हणाला, तेवढा मला लाव. ती मान वर न करता म्हणाली, "पप्पा, तुमच्या आधी दुसरी गाडी हाय. तुमाला पुढं घातलं तर उद्या माझा फोन कोण उचलंल?"

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. ह्या पोरीनं तुम्हाला बघितलंसुद्धा नाही हो, आप्पा. तुमचं हे बोलणं मी घरात कधी कुणाला सांगितलेलं नाही.

तो रुसला. जेवायचं नाही म्हणाला. मी ताट वाढलं, हाताला धरून बसवलं आणि म्हटलं, जेव गप. दुसऱ्याची असती तर तुला फसवून गोड बोलली असती. तुझी हाय म्हणून तोंडावर सांगितलं. पुटपुटत जेवला. नंतर कमी भाड्याचा माल घेऊन गेला, आणि आता रोज सकाळी पोरगी पहिला फोन त्यालाच लावते, पप्पा, कुठं पोचलाय, च्या घेतला का? रुसलेला बाप लगेच उचलतो. मी हसते, आणि मग हसू जातं. त्या वेळी आपल्याकडं फोन नव्हता, असं म्हणायला येईल. पण बस होती, आप्पा. निपाणीची बस सारखी होती.

ह्यांना जाऊनही आता वर्षं झाली. तिकडं तुम्ही दोघं भेटला असाल तर त्यांना रांगेत उभं करू नका, एवढं ऐका.

पोरीच्या पावत्यांच्या पाठकोऱ्या कागदावर लिहिलंय, ते आता पिठाच्या डब्याखाली सारून ठेवते. तेवढं एक सांगायचं राहिलं. त्या वर्षी गंजीतलं पिंजर आम्ही खालनं उपसून उपसून म्हशींना घातलं. गंजी बसत गेली आणि ताडपत्री शेवटी तशीच बांधलेली भुईला टेकली. सासूबाई रोज म्हणायच्या, वरनं सोड की गं ती. मी म्हणायची, आत्ती, आप्पांची गाठ हाय, मला सुटत न्हाय.

सुटत होती, आप्पा.