सरांचं निरोगी रक्त

४ मार्च

पाचव्यांदा तेच! विषाणू घातलेल्या पेशी गप्प — ठीक, त्याचं कामच ते. आत शिरला की आरएनएचे चिमुकले तुकडे सोडतो, आणि पेशीच्या 'मला वाचवा' म्हणणाऱ्या जनुकाचा निरोप ते वाटेतच दाबतात. बाहेरच्या पहारेकऱ्यांना पत्ताच नाही. पण तुलनेला ठेवलेल्या निरोगी पेशी? त्यांनाही तेवढीच उष्णता देऊन डिवचलं होतं, त्यांनी बोंब ठोकायला हवी होती. त्यांनी का तोंडात मिठाची गुळणी धरावी?

सर म्हणाले, "अगं, तुझ्या हाताला सफाई नाही. परत कर."

जूनपर्यंत प्रबंध दिला नाही तर पदवी गेली. पाच वर्षं पाण्यात.

५ मार्च

परत केलं. तेच.

९ मार्च

निरोगी पेशी सरांच्याच रक्तातल्या. प्रयोगशाळेचा रिवाज! महिन्याच्या पहिल्या सोमवारी सर बाही वर करतात, नर्सबाई सुई टोचतात आणि सर सांगतात, "मला आयुष्यात साधं पडसं झालं नाही!" आम्ही टाळ्या वाजवतो. हो, टाळ्या!

आज वैतागून त्या निरोगी पेशींतच विषाणूचे तुकडे शोधले. ठासून भरलेले! सरांना लागण आहे — कधीची, देव जाणे. त्यांना त्रास काहीच नाही. पण मग आमची तुलनाच खोटी, आणि सरांना हे सांगायचं कोणी?

१० मार्च

आईला फोन केला. "काही बोलू नकोस हं. पदवी पदरात पडू दे, मग बोल काय बोलायचं ते."

मी संशोधक आहे की लागण झालेली पेशी? लाज वाटली.

१२ मार्च

सरांच्या दारापर्यंत गेले.

"काय गं?"

"काही नाही सर... पुढच्या महिन्याचं रक्त..."

"घे की! हवं तेवढं घे!"

थँक्यू म्हणून आले. थँक्यू!!

१५ मार्च

सरांच्या त्या रक्ताची माझी नळी लपवायला फ्रीजरचा तळाचा कप्पा उपसला. बर्फात एक डबा. आत चार नळ्या, चार वेगळी हस्ताक्षरं — माझ्याआधी इथे प्रबंध केलेल्या चौघांची. चारही चिठ्ठ्यांवर एकच: 'सरांचं रक्त. लागण आहे.'

चौघांनाही पदवी मिळाली.

पाचवी नळी त्यात ठेवली. डबा सरांच्या टेबलावर नेऊन ठेवला, झाकण उघडं टाकून. बोटं अजून गार आहेत.